अर्ध्यावरचा झेंडा

आमच्या पिटलॉर गावात कुणी वारलं, की घरच्यांच्या खालोखाल ते झेंड्याला कळतं. गोल्फ क्लबच्या दारासमोर पांढरा खांब आहे. सभासद वारला की त्यावरचा झेंडा अर्ध्यावर येतो. तो दिसला की धक्क्यावरचा माणूस हातातलं जाळं खाली ठेवतो, खेळायला निघालेला माणूस टोपी काढतो, आणि बायका एकमेकींना विचारतात, "आता कोण गं?" पेपरात नाव छापून येईपर्यंत अर्ध्या गावाचं हळहळून झालेलं असतं.

हा झेंडा रॅब लम्सडेनच्या ताब्यात होता.

रॅब जन्माचा भट्टीवाला. सगळं गाव त्याच्या हातचे पाव खाऊन मोठं झालं. पहाटे पीठ मळायला उभा राहायचा, त्यामुळे दुपार मोकळी, आणि दुपार मोकळी म्हणजे गोल्फ. आमच्याकडे ते काही साहेबलोकांचं खूळ नाही. पाद्री खेळतो, प्लंबर खेळतो, आणि मासळीवाल्या बाईनं तर त्या दोघांनाही धूळ चारलेली आहे. गाव आणि समुद्र यांच्यामधलं वाळूचं, गवताचं, काटेरी झुडपांचं ते माळरान गावाच्या मालकीचं आहे, गावातल्या पडक्या मठाइतकं जुनं. रविवारी तिथे खेळ बंद असतो, त्या दिवशी ते कुत्र्यांचं आणि नवऱ्याशी भांडून फिरायला निघालेल्या बायकांचं.

भट्टी पुतण्याकडे सोपवल्यावर क्लबनं रॅबला झेंडा सांभाळशील का विचारलं, तेव्हा समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी तो हो म्हणाला. आधीचा झेंडेवाला आळशी होता. एका म्हाताऱ्यासाठी झेंडा दुसऱ्या दिवशी उतरला आणि त्याच्या विधवेनं ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढे ती क्लबच्या बाजूनं चालायचीसुद्धा नाही. माझ्या हातून असं होणार नाही, हे रॅबनं मनाशी पक्कं केलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की रस्त्याकडच्या खिडक्यांचे पडदे भर दिवसा खाली ओढतात. रॅब रस्त्यानं जाताना पडदे बघायचा, कुणाच्या दारात कुणाची गाडी आहे ते बघायचा. त्याची बायको एफी म्हणायची, "गिधाड झालायस नुसता. लोकांना तुझ्यासमोर खोकायची भीती वाटते."

गावात एकच घर असं होतं, जिथे तो मान वर करून बघत नसे. ते ह्यू पेट्रीचं. आणि नशीब असं, की ते घर मैदानाच्या शेवटच्या हिरवळीला, खेळ संपतो त्या जागेला, लागूनच होतं, मध्ये फक्त एक अरुंद रस्ता. रोज झेंडा चढवायला जाताना त्याच्या दारावरून जावंच लागे. रॅब त्या टप्प्यात समुद्राकडे बघत चालायचा.

ह्यू पोस्टमन होता. दोघं एका बाकावर शिकलेले, एका वयाचे, आणि जोडीच्या खेळात एकमेकांचे साथीदार. जोडीच्या खेळात दोघांत एकच चेंडू असतो, आळीपाळीनं मारायचा. असा खेळ दोन माणसं वर्षानुवर्षं खेळली की त्यांना एकमेकांच्या बायकांपेक्षा एकमेकांचे खांदे जास्त ओळखू येतात. रोज पत्रं वाटत ह्यू भट्टीवर आला की रॅब त्याच्यासाठी एक गरम पाव बाजूला काढून ठेवायचा, वर लोण्याचा गोळा. ह्यू उभ्या उभ्या खायचा, लोणी हनुवटीवरून गळायचं, आणि पत्रांवर डाग पडायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं, डाग पडलेलं पत्र म्हणजे भट्टीवरून आलेलं.

मग ती हार्बर कपची, गावातल्या जोडीच्या स्पर्धेची, अंतिम लढत झाली.

समोर वॉटी गेडिस आणि त्याचा मेहुणा. वॉटी गावातला सुतार. कप रॅबला कधीच मिळाला नव्हता, त्याच्या बापालाही नाही. बाप जाताना कपचं नाव काढून गेला होता, आणि रॅबनं भट्टीतल्या एका फळीवरची बरण्या-डब्यांची गर्दी हटवून त्याच्यासाठी जागासुद्धा करून ठेवली होती. शेवटच्या होलपर्यंत, म्हणजे शेवटच्या खळीपर्यंत, सामना बरोबरीत. अर्धं गाव कुंपणाला टेकून उभं. रॅबचा फटका जरा भरकटला आणि चेंडू उंच गवतात जाऊन बसला. आता पाळी ह्यूची. रॅब त्याच्या बरोब्बर मागे उभा राहिला, नेहमीसारखा.

ह्यूनं काठी टेकवली, आणि चेंडू हलला.

काय हलला म्हणता, गवताच्या एका काडीवरून दुसरीवर टेकला. चेंडूवर रॅबनंच त्या सकाळी जांभळ्या पेन्सिलीनं एक ठिपका काढलेला होता, आपला चेंडू ओळखू यावा म्हणून. तो ठिपका वर होता, तो बाजूला गेला. रॅबनं आपल्या डोळ्यांनी पाहिला. बाकी कुणाच्या बापाला दिसणं शक्य नव्हतं.

असा चेंडू हलला तर एक फटका दंड. तो दंड दुसरं कुणी लावत नाही, ज्याचा त्यानं आपल्या तोंडानं सांगायचा असतो. आमच्याकडे पोर चालायला लागतं तेव्हापासून त्याला हे माहीत असतं. ह्यूनं हात वर केला आणि म्हणाला, "हलला. आमच्यावर एक."

त्या एका फटक्यानं कप गेला.

आणि रॅब, ज्यानं ठिपका फिरताना पाहिला होता, तो सगळ्या गावासमोर ओरडला, "कुठे हलला? मी मागेच उभा होतो! तुझ्या फुटक्या डोळ्यांना नाही ते दिसतं! हललाच नाही चेंडू!"

ह्यूनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. जाऊन वॉटीशी हात मिळवला आणि रस्ता ओलांडून घरात गेला.

आता राग म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी उतरतो. रॅबचाही उतरला. पण बोलून बसलेली गोष्ट उतरेना. 'हलला होता' म्हणायचं, तर काल अख्ख्या गावासमोर खोटं बोललो हे कबूल करायला हवं. खेळात हरलेल्याला पिटलॉरमध्ये तोंड दाखवता येतं. चेंडूबद्दल खोटं बोलणाऱ्याला नाही. म्हणून क्लबात कुणी विचारलं की रॅब तेच म्हणायचा, हललाच नव्हता. आणि दर वेळी तो आणखी मोठ्यानं म्हणायचा.

लोकांना काय, चघळायला विषय मिळाला. दारूच्या गुत्त्यात कुणाचा पेला जरा सरकला की कुणीतरी हात वर करायचं, "हलला! ह्यूला बोलवा!" की सगळे खो खो हसायचे. रॅबही हसायचा. न हसून सांगतो कुणाला.

ह्यूनं पुढच्या वसंतात काठ्या माळ्यावर टाकल्या. लोक म्हणाले, रुसलाय. भट्टीवर तो पत्रं आणून दारातल्या फटीतून आत सरकवायचा आणि जायचा. पत्रांवरचे डाग बंद झाले. पुढे त्यानं नोकरीही लवकरच सोडली. अशी आठ-नऊ वर्षं गेली. आपण एक दिवस त्याला सांगू, असं रॅब रोज मनाशी म्हणायचा, आणि रोज समुद्राकडे बघत त्याच्या दारावरून पुढे निघून जायचा.

त्या सप्टेंबरात ह्यूला डंडीच्या इस्पितळात नेल्याचं एफी जेवताना म्हणाली.

"त्या घरातलं मला काही सांगू नकोस," रॅब म्हणाला.

"अरे, निदान काय झालंय ते तरी ऐक."

"नको म्हटलं ना!"

एफीनं त्याच्या ताटात बटाटे वाढले ते आदळूनच. पण त्या दिवसापासून रॅबच्या घशाखाली घास उतरेना. मेला तर? सांगायच्या आधी मेला तर?

आणि एका शुक्रवारी सकाळी झेंडा चढवून घरी परत येताना, समुद्राकडे बघत बघत, त्याचं लक्ष चुकून डावीकडे गेलं.

पेट्रीच्या घराचे सगळे पडदे खाली होते. वरचे, खालचे, जिन्यावरच्या छोट्या खिडकीचासुद्धा. दारात वॉटी गेडिसची गाडी. वॉटी सुतार, हे मी सांगितलंच. पण आमच्या गावात जो सुतार तोच शवपेट्या करणारा, हे पिटलॉरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. वॉटी गाडीतून दोन लांब फळ्या काढून आत नेत होता. आणि त्याच वेळी फाटकातून पाद्री मिस्टर ऑर बाहेर पडले, सायकलवर बसायच्या आधी त्यांनी टोपी डोक्यावर घातली, आणि रॅबला बघून गंभीरपणे मान हलवली.

दुसरं कुणी असतं तर दार ठोठावून विचारलं असतं. रॅब कोणत्या तोंडानं ठोठावणार?

तो तिथेच रस्त्यात उभा राहिला. आणि आता जे सांगतो ते त्यानं पुढे एफीलाही सांगितलं नाही. ह्यू गेला, हे मनात आल्याबरोबर त्याला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच: सुटलो. आता कुणाला कधी कळायचं नाही. छातीवरचा दगड उचलावा तसा त्यानं मोकळा श्वास घेतला, आणि तो श्वास पुरता बाहेर पडायच्या आत त्याची त्याला अशी शिसारी आली की त्याला कुंपण धरावं लागलं. जन्माचा मित्र मेला आणि आपल्याला हायसं वाटलं. थू तुझ्या जिण्यावर, असं तो स्वतःलाच म्हणाला, आणि वळून जवळजवळ पळतच क्लबकडे गेला. निदान झेंड्याला तरी उशीर व्हायला नको. ह्यूसाठी तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

त्यानं झेंडा अर्ध्यावर आणला. पहिला फटका मारायच्या जागी उभ्या असलेल्या चौघांनी टोप्या काढल्या.

"कोण, रॅब?"

"ह्यू पेट्री," रॅब म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला.

इकडे ह्यूची बायको इसोबेल वॉटीला काम दाखवून, पाद्रीसाहेबांना ह्यूजवळ बसवून बाजारात गेली होती. हॅडॉक मासे घेतले, अंडी घेतली, आणि मठाच्या कमानीतून बाहेर येते तर समोर झेंडा अर्ध्यावर. तिनं मासळीवालीच्या बहिणीला विचारलं, "कोण गं गेलं?" त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "इसोबेल... अगं, तू इथे कशी?"

एवढ्यावरून इसोबेलला जे समजायचं ते समजलं. पिशवी जिथल्या तिथे पडली. तिच्या पायांना संधिवात, एरवी काठीशिवाय चालत नाही. ती बाई चढावरून धावत घरी गेली.

आणि आत, अंधारात, उशीवर डोकं टेकून पडलेला तिचा नवरा म्हणाला, "आलीस? पाद्री कधीचा गेला. चहा मिळेल का घोटभर?"

पुढचं सगळं गावानं पाहिलं. इसोबेल क्लबसमोर आली. एका पायात बूट, दुसऱ्यातला कुठेतरी चढावर राहिलेला. रॅब खांबाजवळच उभा होता, टोपी छातीशी धरून. तो म्हणाला, "इसोबेल, मला फार वाईट..."

"हो बाजूला!" तिनं त्याच्या हातावर फटका मारला, दोरी सोडली, आणि स्वतः खेचत झेंडा वरपर्यंत नेला. "चहा मागतोय तो! ऐकलंस? माझा नवरा चहा मागतोय! डोळ्यांचं ऑपरेशन झालंय त्याचं, उजेड चालत नाही म्हणून पडदे लावलेत! पाठीखाली सरळ फळ्या लागतात म्हणून वॉटी आला! दार ठोठावायला काय हात मोडले होते तुझे?"

रॅब वर गेलेल्या झेंड्याकडे बघत राहिला.

"एवढी घाई झाली होती तुला?" ती हळू आवाजात म्हणाली, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. "बोलणं टाकलंस, ते समजलं. पण त्याच्या मरणावरही टपून बसला होतास?"

ती गेली. लोकांनी टोप्या पुन्हा डोक्यावर घातल्या. कुणीतरी फिसकन हसलं आणि दुसऱ्यानं त्याला कोपरखळी मारली. रॅबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांचं ऑपरेशन! तुझ्या फुटक्या डोळ्यांना, असं आपणच म्हणालो होतो, आणि ते शब्द त्याला आता आपल्याच आवाजात ऐकू येत होते.

घरी येऊन तो न्हाणीघरात जाऊन बसला, कारण घरात आतून कडी लागणारं दार तेवढंच होतं. एफी बाहेरून म्हणाली, "मी सांगत होते, काय झालंय ते ऐक म्हणून."

"एफी, जा."

"जाते. पण वॉटी गेडिस येऊन गेला. म्हणाला, रॅबला सांग, मी सुतारही आहे."

दोन-चार दिवस तो घराबाहेर पडला नाही. बाहेर पडला तेव्हा पाव घ्यायला, आपल्याच जुन्या भट्टीवर, तर रांगेतला प्लंबर म्हणाला, "रॅब, लेका, मला जरा सर्दी झालीय, पण झेंडा राहू दे हं वर!" आणि एक म्हातारी लांबून ओरडली, "माझे पडदे धुवायला काढलेत रे, गैरसमज नको!" एरवी रॅबनं चार शब्द सुनावले असते. त्यानं मान खाली घातली आणि पाव न घेताच परत आला. झेंड्याचं काम सोडतो म्हणून क्लबला निरोप पाठवला. ते म्हणाले, शनिवारी शरद ऋतूतली स्पर्धा आहे, तेवढी होऊ दे, मग बघू.

"जा त्याच्याकडे," एफी म्हणाली. "माफी माग. झेंडा चुकून उतरवला म्हणावं. एवढं काय त्यात?"

एवढंच असतं तर प्रश्न काय होता. पण एफीलाही खरं ठाऊक नव्हतं. ती नऊ वर्षं शेजारणींशी भांडत आली होती, माझा रॅब म्हणतो हलला नाही म्हणजे नाहीच हलला.

शेवटी तो गेला. इसोबेलनं दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि एकही शब्द न बोलता आत बोट दाखवलं. खोलीत गच्च काळोख. आधी त्याला काहीच दिसलं नाही, मग पलंग दिसला, फळ्यांवर घातलेली गादी, आणि दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधून उताणा पडलेला ह्यू. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान वळू नये म्हणून.

"कोण आहे?"

"मी."

"रॅब?" ह्यूचं तोंड हसरं झालं. "मला हसायला बंदी आहे, लेका. टाके तुटतात म्हणे. गेले चार दिवस मी तुझ्या पायी हसू आवरतोय. टोप्या काढल्या का रे लोकांनी?"

"काढल्या."

"वॉटीनं?"

"तो तुझ्याच घरात होता."

"हो, खरंच की." ह्यू नाकातून हळूच हवा सोडत राहिला. "बस ना. उभा का? खुर्ची आहे तिथे कुठेतरी, मला दिसत नाही."

रॅब बसला. गुडघ्यांवर हात ठेवले. ते हात, ज्यांनी जन्मभर पीठ मळलं, त्यांना त्या क्षणी काय करावं कळत नव्हतं. ह्यू असा मोकळा बोलतोय याचीच त्याला जास्त लाज वाटत होती. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"डॉक्टरला मी विचारलं," ह्यू म्हणाला, "हा मोतीबिंदू किती जुना असेल? नऊ वर्षांपूर्वी असेल का? तो म्हणाला, सांगता येत नाही, सुरुवात झाली असू शकेल. म्हणजे तुझंच खरं असणार, रॅब. मला नाही ते दिसलं."

रॅब गुडघ्यांवरचे हात चोळत राहिला.

"मी तेव्हापासून घरी चेंडू टेबलावर ठेवून बघत बसायचो. हलतो का. तासन् तास बघितलं की हललासारखा वाटतोच. इसोबेलला वाटलं माझं डोकं फिरलं. मग पत्रं वाटताना एकेक पत्ता दोनदा-तीनदा वाचायला लागलो, आपल्याला दिसतंय ते आहे ना तिथे? म्हणून नोकरी सोडली. आणि खेळ कसला खेळणार? ज्याला चेंडू हलला का नाही ते कळत नाही, त्यानं मैदानात पाऊल टाकू नये. तू रागावलास त्यात चूक नव्हती तुझी. कप गेला तुझा, माझ्या डोळ्यांपायी."

रॅबला वाटलं, इथून उठून पळत सुटावं, थेट समुद्रापर्यंत. लोक म्हणत होते ह्यू रुसला. रुसला कसला! हा माणूस नऊ वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत जगला, आणि तो संशय आपण पेरला होता.

"ठिपका," रॅब म्हणाला. "जांभळा ठिपका. वर होता. तू काठी टेकवलीस आणि तो बाजूला गेला, समुद्राच्या बाजूला."

दारात इसोबेल उभी होती, ती आत आली.

"ठिपका कुठे सरकला ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं," ह्यू म्हणाला.

"ठाऊक आहे."

"म्हणजे तू पाहिलंस."

"पाहिलं. तेव्हाच पाहिलं. तुझे डोळे चांगले होते, ह्यू. मी खोटं बोललो. कपासाठी बोललो आणि मग नऊ वर्षं भित्र्यासारखा तेच बोलत राहिलो. आणि त्या दिवशी पडदे बघून..." त्याला ते 'सुटलो' सांगायचं होतं, पण ते काही केल्या ओठांवर येईना, आणि तो तोंडावर हात दाबून हुंदके द्यायला लागला.

"रडू नकोस," ह्यू म्हणाला. "तू रडलास की मला रडू येईल, आणि मला रडायलाही बंदी आहे. इसोबेल, हा मूर्ख बघ, टाके भरेपर्यंत सहा आठवडे थांबला असता तर काय बिघडत होतं याचं?"

इसोबेलनं वाकून पट्टीच्या कडा बोटांनी अलगद दाबून धरल्या. रॅबकडे तिनं पाहिलंही नाही.

मग ह्यू म्हणाला, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण हललाच नाही, हे तू मला एकट्याला म्हणाला नव्हतास, रॅब. सगळ्या गावासमोर म्हणाला होतास."

रॅब उठला. "हो," म्हणाला, आणि धडपडत दार शोधलं.

शनिवारी शरद स्पर्धेला सगळं गाव लोटलं होतं. हवा स्वच्छ, वारा समुद्रावरून. रॅबनं झेंडा चढवला, दोरी बांधली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मग तो शेवटच्या हिरवळीवर गेला, जिथे कुंपणाला टेकून माणसं उभी होती, त्याच जागी. एफी पुढेच होती, आपल्या चांगल्या कोटात. ती नवऱ्याची बाजू घ्यायला आली होती, कुणी झेंड्यावरून बोललंच तर ऐकवायला. तिला बघून रॅब जरा थबकला. त्यानं टोपी काढली.

"मला काही सांगायचंय," तो म्हणाला.

"कोण गेलं?" प्लंबर ओरडला, आणि हशा पिकला.

"हार्बर कपच्या वेळी," रॅब जमिनीकडे बघत म्हणाला, "ह्यूचा चेंडू हलला होता. मी मागे होतो. मी पाहिला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

हशा तिथल्या तिथे विरला. वॉटी गेडिसनं तोंडातला पाइप काढला. कुणी त्याच्याकडे बघेना. चेंडूबद्दल खोटं बोललेल्या माणसाकडे आमच्याकडे कुणी बघत नाही. एफी तेवढी बघत होती, आणि तिचा चेहरा रॅबला आयुष्यभर पुरला. जन्मलो नसतो तर बरं, असं वाटत तो तिथे टोपी चुरगाळत उभा राहिला.

रस्त्यापलीकडे पेट्रीच्या घराचे पडदे खालीच होते, डॉक्टरांच्या हुकमानं. पण एका पडद्यामागची काच खालून वीतभर वर सरकवलेली होती. तिथून इसोबेलचा आवाज आला.

"रॅब लम्सडेन! ह्यू म्हणतोय, वाऱ्यामुळे त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

वारा मैदानाकडून त्या खिडकीकडेच वाहत होता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. रॅबलाही. त्यानं मान वर केली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत त्या घराकडे तोंड करून, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, पुन्हा सांगितलं.